झाकण उघडता येणारं यंत्र

मंडळी, शेतावरचं इंजिन बंद पडलं की आपण काय करतो? झाकण उघडतो, तेल-पाणी पाहतो. आपल्याला उमगलं नाही तर गावातल्या मिस्त्रीला हाक मारतो. आता समजा, त्या झाकणाला कंपनीनं सील ठोकलं आहे. उघडायला कंपनीचाच माणूस हवा. आणि एके दिवशी कंपनीनं सांगितलं, "हे इंजिन आम्ही बंद केलं, नवं घ्या." मग? पैसे आपण मोजले, इंजिन आपल्या दारात, पण सत्ता मात्र दुसऱ्याची!

संगणकाच्या बाबतीत हे रोज घडतं. संगणक चालतो तो आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर. ही आज्ञावली आधी माणसाला वाचता येईल अशा रीतीनं लिहितात. मग तिचं यंत्राला कळेल असं रूप तयार होतं. पुष्कळ कंपन्या हे दुसरं रूप तेवढं विकतात आणि मूळ लिखाण कुलपात ठेवतात. ज्या आज्ञावलीचं मूळ लिखाणही मिळतं, आणि ते वाचण्याची, बदलण्याची, दुसऱ्याला देण्याची परवानगी असते, तिला ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्तस्रोत, असं म्हणतात.

आता याची एक खरीखुरी हकिकत ऐका.

न्यूझीलंड देशात होरोव्हेनुआ नावाचा एक ग्रामीण जिल्हा आहे. लेव्हिन हे तिथलं मुख्य गाव. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयापुढं १९९९ साली मोठा पेच पडला. पुस्तकांच्या देवघेवीची त्यांची संगणकीय व्यवस्था जुनी झालेली होती. त्या काळच्या अनेक आज्ञावल्या वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. २००० साल उजाडलं की ‘००’ म्हणजे नेमकं कुठलं वर्ष, हे त्यांना कळेना. ग्रंथालयाची व्यवस्थाही त्यातलीच. बाजारातल्या तयार व्यवस्था महाग, आणि लहान गावांतल्या शाखांपर्यंत त्या नेण्याचा खर्च वेगळाच.

तेव्हा ग्रंथालयानं कटिपो नावाच्या एका लहान कंपनीकडून नवी आज्ञावली लिहून घेतली. जानेवारी २००० च्या पहिल्याच आठवड्यात ती कामाला लागली. पण खरी गोष्ट तर इथून पुढंच आहे. उद्या ही कंपनी बंद पडली, तर दुरुस्ती कोण करणार? हा प्रश्न होताच. म्हणून दोघांनी ठरवलं, की मूळ लिखाण जगाला खुलं करायचं. अट एवढीच, की जो ते सुधारून पुढं वाटेल, त्यानं आपली सुधारणाही तशीच खुली ठेवावी. आज्ञावलीचं नाव ठेवलं ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडच्या आहेरासारखी, देण्याघेण्याचं नातं जोडणारी.

आणि खरोखरच परतीचा आहेर आला! अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिल इथल्या ग्रंथालयानं पुढच्या सुधारणांसाठी पैसा दिला. फ्रान्समधल्या प्रोग्रॅमरनी भर घातली. कुणी आपल्या भाषेत रूपांतर केलं. आज जगभरची हजारो ग्रंथालयं कोहा वापरतात. त्यांत आपल्या महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचीही ग्रंथालयं आहेत. लेव्हिनच्या लोकांनी एकदा खर्च केला, आणि त्यांना साऱ्या जगाची मेहनत परत मिळाली.

पुढं एका परदेशी कंपनीनं ‘कोहा’ हे नावच न्यूझीलंडमध्ये आपल्या नावे नोंदवण्याचा अर्ज केला. ग्रंथालयानं हरकत घेतली, आणि ठिकठिकाणच्या लोकांनी त्याला पाठबळ दिलं. २०१३ साली तो अर्ज फेटाळला गेला. सामायिक विहिरीवरही राखण ठेवावी लागते, ती अशी.

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे सगळं फुकटच की!" तसं नव्हे. परवान्याचे पैसे वाचतात, पण संगणक लागतो, माणसं शिकवावी लागतात, नोंदींची दुसरी प्रत रोज काढून ठेवावी लागते. फुकट मिळालेल्या गाईलाही वैरण घालावीच लागते. आणि हे काम करणाऱ्या कंपन्या त्याचा योग्य मोबदला घेतात, त्यात गैर काही नाही. फरक एवढाच, की एकाचं काम पटलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं.

भारत सरकारनंही २०१५ साली, आपल्या कार्यालयांच्या संगणकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य द्यावं, असं धोरण जाहीर केलं. निकड असेल किंवा तसे जाणकार मिळत नसतील, तर कारण नोंदवून दुसरा मार्ग घेण्याची सवलतही त्यात ठेवली.

तेव्हा गुरुजी, उद्या तुमच्या शाळेसाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी कुणी आज्ञावली विकायला आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. आमच्या नोंदी आम्हाला हव्या तेव्हा, दुसरीकडे चालतील अशा रूपात, काढून घेता येतील का? तुम्ही उद्या नसलात तर दुरुस्ती दुसरा कुणी करू शकेल का? आणि मूळ लिखाण आम्हाला पाहायला मिळेल का?

उत्तरं ‘नाही’ अशी आली, तरी नाइलाजानं ती वस्तू घ्यावी लागेल कदाचित. पण मग झाकणाला सील आहे, हे जाणून तरी घ्याल. मुलांची नावं, गुण, गावाच्या नोंदी ही आपली ठेव आहे. तिची किल्ली कुणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं.