थाइमचा वास ठरवणारी जनुके

थाइम हे तुळशीच्या कुळातले भूमध्य सागराकाठचे झुडूप. खोकल्याच्या औषधांत आणि गुळण्यांच्या पाण्यात त्याचे तेल शतकानुशतके वापरात आहे. हे तेल पानांवरच्या सूक्ष्म तैलग्रंथींत साठते. त्यातला मुख्य औषधी घटक म्हणजे थायमॉल. ओव्याला झणझणीत वास येतो तो याच थायमॉलमुळे.

पण थाइमच्या प्रत्येक झाडात थायमॉल असतेच असे नाही. दक्षिण फ्रान्समधल्या रानथाइमचे (थायमस व्हल्गॅरिस) सहा रसायनप्रकार आढळतात. दिसायला झाडे सारखीच, पण पान चुरगळले की एकाचा वास गुलाबासारखा, तर दुसऱ्याचा ओव्यासारखा. जेरॅनिऑल, अल्फा-टर्पिनिऑल, थुयानॉल, लिनालूल, कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल यांपैकी जे प्रमुख, त्यावरून प्रकार ठरतो. फिलिप व्हर्ने, पिएर-आंरी गुयों आणि जॉर्ज व्हाल्डेरों यांनी 1986 मध्ये यामागची आनुवंशिकता मांडली. ही सहा नावे इथे ज्या क्रमाने दिली आहेत, तोच जनुकांच्या वर्चस्वाचाही क्रम आहे. एखाद्या घाटातल्या नाक्यांसारखी ही रांग: पहिल्या नाक्यावर वाहन अडले, तर पुढचे नाके उघडे असूनही उपयोग नाही. जेरॅनिऑलचे प्रभावी जनुक असले की पुढची जनुके काहीही असोत, झाड जेरॅनिऑलच बनवते. थायमॉल सर्वांत शेवटी, म्हणजे आधीची सगळी जनुके अप्रभावी असतील तेव्हाच. त्यामुळे थायमॉलच्या दोन झाडांच्या संकरातून थायमॉलचीच रोपे मिळतात. जेरॅनिऑलच्या झाडाच्या संततीत मात्र काहीही निघू शकते.

ही विविधता टिकली कशी, याचे उत्तर माँपेलिएजवळच्या सँ-मार्तें-द-लोंद्र खोऱ्यात मिळते. खोऱ्याच्या तळाशी हिवाळ्यात गार हवा साचते. तिथे थायमॉल व कार्व्हॅक्रॉल नसलेली झाडे होती, तर भोवतालच्या खडकाळ, कोरड्या उतारांवर हे दोन प्रकार. कडाक्याची थंडी या दोघांना मानवत नाही, उन्हाळ्यातला दुष्काळ मात्र हे प्रकार अधिक चांगला सोसतात. 1970च्या दशकातल्या नोंदींशी अलीकडे तुलना केली, तेव्हा गोठवणारी थंडी कमी झाल्यावर हे दोन प्रकार पूर्वी नसलेल्या जागीही पसरू लागल्याचे दिसले.

पेशीत थायमॉल बनण्याची वाट अधिक गुंतागुंतीची आहे. जेरॅनिल डायफॉस्फेट या कच्च्या मालापासून एक विकर गॅमा-टर्पिनीन बनवते. त्यापासून पॅरा-सायमीन आणि मग थायमॉल, असे बरीच वर्षे मानले जाई. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही समजूत खोडली. सायटोक्रोम पी450 गटातले विकर गॅमा-टर्पिनीनवर ऑक्सिजन बसवते, दुसरे विकर त्यातला हायड्रोजन काढते आणि थायमॉल तयार होते. पॅरा-सायमीन हे वाटेतले उपउत्पादन ठरले.

लागवडीला हे ज्ञान थेट उपयोगी पडते. युरोपीय औषधकोशानुसार वाळलेल्या थाइममध्ये किलोमागे किमान 12 मिलिलिटर तेल लागते आणि त्यात थायमॉल व कार्व्हॅक्रॉल मिळून किमान 40 टक्के. रानातले मिश्र बी पेरून ही हमी देता येत नाही. निवडलेल्या झाडाची छाटकलमे लावली, तर रसायनप्रकार बदलत नाही. बियाण्यासाठी थाइमची आणखी एक खोड कामी येते: काही झाडांत परागच बनत नाहीत. अशी मादी झाडे निवडक परागदात्याशेजारी लावली की फुलांतले पुंकेसर हाताने न काढता संकरित बी मिळते.