विकत घेतलं की भाड्याने? 'गिटार हीरो' गेमच्या तेरा वर्षांतून पालकांसाठी धडा

मागच्या पालकसभेनंतर एक अम्मी थांबल्या. म्हणाल्या, "सर, मुलगा मोबाईलच्या गेममध्ये गाणी घ्यायला पैसे मागतोय. ईदीचे आहेत, माझेच आहेत म्हणतो. पण मला एवढंच सांगा, उद्या फोन बदलला तर ती गाणी राहतात का?"

प्रश्न साधा, पण त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. 'बघून सांगतो' म्हणालो. बघायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेत लाखो घरांनी तो आधीच अनुभवलाय, तोही त्याच जातीच्या गेममध्ये. त्या गेमचं नाव 'गिटार हीरो'. २००५ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१८ मध्ये ज्या पद्धतीने आटोपली, ती गोष्ट प्रत्येक पालकाने एकदा समजून घ्यावी अशी आहे.

आधी एक खुलासा. वाद्यसंगीताबद्दल आपल्याकडे उलमांची मतं काय आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. अनेक घरांत असे गेम चालतच नाहीत. त्या बाबतीत ज्यांनी त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं, तो आमचा अधिकार नाही. पण खाली सांगितलेला पैशाचा मुद्दा फक्त गाण्यांचा नाही. गेममधले कपडे, हिरे, गाड्या, बंदुका, सगळ्यालाच तो लागू आहे. म्हणून गेम कुठलाही असो, वाचावं.

रिदम गेम म्हणजे काय?

पडद्यावर रंगीत ठिपके वरून खाली सरकत येतात. ठिपका रेषेवर आला की त्याच क्षणी त्याच रंगाचं बटण दाबायचं. ताल चुकला की गुण गेले. बस, एवढाच खेळ. जपानमध्ये १९९० च्या दशकात अशा गेमची मोठमोठी यंत्रं गेम-पार्लरमध्ये लागली होती. जमिनीवरच्या बाणांवर पाय टाकायचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' त्यातलाच.

'गिटार हीरो'ने हा खेळ घरच्या टीव्हीपुढे आणला. नोव्हेंबर २००५ मध्ये तो प्लेस्टेशन २ वर अमेरिकेत आला. गेम बनवला हार्मोनिक्स या कंपनीने, बाजारात आणला रेडऑक्टेनने. खोक्यात डिस्कसोबत प्लास्टिकची गिटार मिळायची. तिला तारा नव्हत्या. हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं आणि तार छेडल्यासारखी एक पट्टी होती. किंमत साधारण ७० डॉलर, म्हणजे साध्या गेमपेक्षा बरीच जास्त. तरीही तो तुफान चालला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. डिस्क तुमच्या हातात, गिटार तुमच्या हातात, गाणी सगळी डिस्कवर. प्लेस्टेशन २ चालू स्थितीत असेल तर हा गेम आजही पहिल्या दिवसासारखाच चालतो. त्याला इंटरनेट लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. हा खरा सौदा होता. पैसे दिले, माल घेतला, बात खतम.

यंत्र बदललं, गिटार बदलली

यश मिळाल्यावर व्यवहार बदलला. २००६ मध्ये ऍक्टिव्हिजन या मोठ्या कंपनीने रेडऑक्टेन विकत घेतली, तर हार्मोनिक्स एमटीव्हीकडे गेली. 'गिटार हीरो २' नोव्हेंबर २००६ मध्ये पुन्हा प्लेस्टेशन २ वर आला आणि एप्रिल २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर. एक्सबॉक्सच्या या आवृत्तीत एक नवी गोष्ट होती. इंटरनेटवरून जादा गाणी पैसे देऊन उतरवून घेता येत होती. ती कुठल्याही डिस्कवर नव्हती. ती त्या यंत्रावर आणि त्या खात्यावर होती. आपल्या अम्मींच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

ऑक्टोबर २००७ मध्ये आलेला 'गिटार हीरो ३' प्लेस्टेशन २, प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि निन्टेन्डोच्या वी या चारही यंत्रांवर होता. पुढे कॉम्प्युटरवरही आला. नाव एक, गाणी जवळपास तीच, पण एका यंत्राची गिटार दुसऱ्या यंत्राला चालत नव्हती. वीच्या गिटारमध्ये तर वीचा रिमोटच बसवावा लागायचा. वीच्या डिस्कमध्ये आवाज स्टिरिओऐवजी मोनो निघाला, तेव्हा कंपनीला डिस्क बदलून द्याव्या लागल्या. या एका गेमने एक अब्ज डॉलरच्या वर विक्री केल्याचं ऍक्टिव्हिजनने पुढे जाहीर केलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण हातातल्या छोट्या यंत्राचं आहे. जून २००८ मध्ये निन्टेन्डो डीएससाठी 'गिटार हीरो: ऑन टूर' आला. त्यासोबत चार बटणांची एक छोटी मूठ मिळायची. ती डीएसच्या खालच्या खाचेत बसायची, जी खाच मुळात जुन्या गेमबॉयच्या कॅसेटसाठी होती. त्यानंतर काही महिन्यांतच निन्टेन्डोने डीएसआय हे नवं यंत्र काढलं आणि त्यात ती खाचच ठेवली नाही. म्हणजे घरात डीएस बदलून डीएसआय आणला की गेमची चकती बसते, पण मूठ बसायला जागा नाही. मूठ नाही तर गेम नाही. कोणी फसवलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. फक्त यंत्र बदललं होतं.

बाजार भरला, बाजार उठला

२००८ मध्ये 'वर्ल्ड टूर'ने ड्रम आणि माईक जोडले. २००९ मध्ये तर कंपनीने कहर केला. मेटॅलिका, स्मॅश हिट्स, गिटार हीरो ५, बँड हीरो, डीजे हीरो, व्हॅन हेलन, सगळे एकाच वर्षात. घरोघरी प्लास्टिकच्या गिटारींचा ढीग झाला. लोक कंटाळले, विक्री पडली. सप्टेंबर २०१० मध्ये 'वॉरियर्स ऑफ रॉक' आला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ऍक्टिव्हिजनने गिटार हीरोचा विभागच बंद केल्याचं जाहीर केलं.

बंद झाल्यावर जादा गाण्यांचं काय झालं? २०१४ मध्ये या मालिकेची इंटरनेटवरून मिळणारी गाणी दुकानातून काढली गेली. कारण समजून घेण्यासारखं आहे. गेम कंपनी गाण्याची मालक नसते. एक हक्क गीतकार-संगीतकाराचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. दोन्हीकडून कंपनी ठराविक मुदतीची परवानगी घेते आणि मुदत संपली की तिला ते गाणं पुढे विकता येत नाही. म्हणजे ज्याने तुम्हाला 'विकलं', त्याने स्वतःच ते मुदतीवर घेतलेलं होतं.

शेवटचा गेम: ४२ उरली, ४८४ गेली

२० ऑक्टोबर २०१५ ला 'गिटार हीरो लाइव्ह' आला. प्लेस्टेशन ३ आणि ४, एक्सबॉक्स ३६० आणि वन, वी यू, पुढे आयफोन-आयपॅडसुद्धा. गिटार पूर्ण नवी, तीन-तीन बटणांच्या दोन ओळींची. जुनी गिटार चालत नव्हती आणि आधी पैसे देऊन घेतलेली गाणीही यात येत नव्हती.

डिस्कवर फक्त ४२ गाणी होती. बाकीची इंटरनेटवरच्या 'गिटार हीरो टीव्ही' या वाहिनीवर. तिथे गाणी चोवीस तास चालू असत. मनातलं गाणं हवं असेल तर 'प्ले' नावाचं नाणं खर्च करायचं. ही नाणी खेळून मिळत किंवा खऱ्या पैशांनी घेता येत. नाणं खर्च केलं की गाणं एकदा वाजवायचं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा नाणं. गाणं कायमचं घ्यायची सोयच नव्हती.

१ डिसेंबर २०१८ ला ही वाहिनी बंद झाली. तोवर तिच्यावर ४८४ गाणी होती. एका दिवसात ती सगळी गेली. पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या गेममध्ये राहिली फक्त डिस्कवरची ४२. म्हणजे दर शंभर गाण्यांत आठसुद्धा धड नाहीत. डिस्क शाबूत, गिटार शाबूत, यंत्र शाबूत. पुढे कंपनीने पैसे परत देण्याची सोय केली, पण ती अमेरिकेत शेवटच्या साधारण वर्षभरात गेम घेतलेल्यांसाठी होती. २०१५ मध्ये घेणारे त्यात बसत नव्हते.

दुसरी बाजूही पाहू

सगळ्या कंपन्या सारख्या नसतात, हेही सांगायला हवं. ज्या हार्मोनिक्सने पहिला गिटार हीरो बनवला, तिनेच २००७ मध्ये 'रॉक बँड' ही वेगळी मालिका काढली. २०१५ मध्ये, त्याच ऑक्टोबर महिन्यात, 'रॉक बँड ४' आला. यात एक्सबॉक्स ३६० वर घेतलेली गाणी एक्सबॉक्स वनवर आणि प्लेस्टेशन ३ वरची प्लेस्टेशन ४ वर पुन्हा पैसे न देता उतरवून घेता येत होती. जुनी वाद्यंसुद्धा बरीचशी चालवून घेतली. नवी गाणी जानेवारी २०२४ पर्यंत येत राहिली.

पण इथेही कुंपण होतंच. एक्सबॉक्सवर घेतलेलं गाणं प्लेस्टेशनवर नेता येत नव्हतं. आणि निन्टेन्डोच्या यंत्रासाठी रॉक बँड ४ आलाच नाही, म्हणून वीवर गाणी घेतलेल्यांना पुढची वाटच नव्हती. एकाच गाण्याला तितकेच पैसे देणाऱ्या तीन घरांची तीन वेगळी गत झाली.

सौदा की इजारा?

आपल्या दीनमध्ये व्यवहार साफ ठेवण्यावर किती जोर आहे, ते आपल्याला माहीत आहे. फिकहच्या किताबांत खरेदी-विक्रीचं प्रकरण वेगळं आणि इजाऱ्याचं, म्हणजे भाड्याचं, वेगळं. खरेदीत वस्तू तुमची होते. इजाऱ्यात फक्त वापर तुमचा, तोही ठरलेल्या मुदतीपुरता. दोन्ही जायज आहेत. अडचण तेव्हा येते जेव्हा एक दाखवून दुसरं दिलं जातं, किंवा मुदत कधी संपणार हेच घेणाऱ्याला माहीत नसतं. अशा अस्पष्टतेला 'गरर' म्हणतात. गेमवर फतवा द्यायला आम्ही बसलेलो नाही, ते काम मुफ्ती साहेबांचं. पण पैसे देण्याआधी आपण नेमकं काय घेतोय हे विचारायची सवय मुलांना लावणं, हे काम मात्र आई-वडिलांचं आणि शिक्षकांचं आहे.

ही फक्त आपली तक्रार नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झालाय. डिजिटल वस्तूची फक्त वापरण्याची परवानगी देत असाल, तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असं लिहायचं नाही.

मग अम्मींना काय सांगितलं?

पुढच्या भेटीत आम्ही त्यांना सांगितलं की फोन बदलला तर गाणी राहतीलच असं नाही आणि गेम बंद झाला तर बहुतेक राहणार नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी मुलाला शेजारी बसवून हे पाच प्रश्न त्यालाच विचारा:

१. हे इंटरनेट बंद करून चालतं का? नेट बंद केल्यावर उघडतच नसेल, तर ते तुमच्याकडे नाही, कंपनीकडे आहे.

२. खरेदी कोणत्या खात्यावर होतेय? पाहुणा म्हणून खेळत असेल तर फोन हरवल्यावर सगळं जाऊ शकतं. खातं अब्बूंच्या किंवा अम्मींच्या ईमेलवर असू द्या.

३. अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलो तर? अनेक गेममध्ये खरेदी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात नाही.

४. थेट रुपयांत घेतोय की आधी नाणी-हिरे घेतोय? नाण्यांमुळे खरी किंमत लपते. हिशोब रुपयांतच करायला लावा.

५. उद्या हे गेलं तर वाईट वाटणार नाही इतकीच ही रक्कम आहे का? उत्तर 'नाही' असेल तर तो इसराफ समजा आणि हात आवरा.

आणि आखाती देशातून मामू-चाचू कोणी जुनं गेमयंत्र आणणार असतील, तर आधी फोनवर एवढंच विचारा: डिस्कवाला आहे का, आणि डिस्क नेटशिवाय चालते का?

त्या मुलाने पाचही प्रश्नांची उत्तरं स्वतः कागदावर लिहून आणली. तिसऱ्या प्रश्नाशी अडखळला आणि म्हणाला, "सर, हे तर भाडंच झालं." गाणी त्याने घेतली की नाही, ते आम्ही विचारलं नाही. पैसे त्याच्या ईदीचे होते आणि आता काय घेतोय ते त्याला कळलं होतं. अल्लाह आपल्या मुलांना पैसा जपून वापरायची समज देवो. आमीन.