एका तारखेची तीन दप्तरं : 1 ऑगस्ट

(लेखमाला : कृष्णा-वारणेचे दिनविशेष)

सातारा-सांगलीकडच्या शाळांत 1 ऑगस्टला सकाळी एका टेबलावर दोन तसबिरी मांडलेल्या असतात. एक पगडीतल्या, झुपकेदार मिशांच्या लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णाभाऊ साठ्यांची. दोघांना झेंडूचे हार, पुढं नारळ, उदबत्ती, आणि मागच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं : पुण्यतिथी आणि जयंती. मग पाठ करून आलेल्या मुलांची भाषणं सुरू होतात. त्यातल्या निम्म्या भाषणांत त्या दिवशी एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला, असं वाक्य असतंच. मुलांचा त्यात दोष नाही, मोठ्यांनीच ते लिहून दिलेलं असतं. पण या वाक्यानं दोघांवरही अन्याय होतो. एकाचं काम दुसऱ्यानं पुढं नेलं, असा सरळ हिशेब त्यातून निघतो, आणि तो खरा नाही. दोघांमधलं नातं त्याहून गुंतागुंतीचं आहे. ते समजून घ्यायचं तर आपल्याच भागातून, वाळवा तालुक्यातून, मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जावं लागतं.

आधी मुंबई. ताई महाराज खटल्याच्या निमित्तानं जुलै 1920 मध्ये टिळक तिथं आले आणि सरदारगृहात उतरले. हिवतापाचं निमित्त झालं, आजार वाढला आणि 31 जुलैची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे 1 ऑगस्ट लागल्यावर, त्यांचं निधन झालं. रविवार होता. भर पावसात अफाट लोटलेल्या गर्दीतून अंत्ययात्रा निघाली आणि नेहमीच्या स्मशानात न जाता गिरगाव चौपाटीवर गेली. टिळकांचा देह पद्मासनात बसवलेला होता. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. गांधीजींचा असहकार सुरू होण्याचा ठरलेला दिवसही हाच. सरकारनं दिलेली पदकं परत करत असल्याचं त्यांचं व्हाइसरॉयना लिहिलेलं पत्र 1 ऑगस्ट 1920 याच तारखेचं आहे. एका पर्वाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ इतक्या नेमकेपणानं एका दिवशी यावा, असं इतिहासात क्वचित घडतं. सूर्य मावळण्या-उगवण्याचं वाक्य म्हणायचंच असेल तर ते खरं म्हणजे इथं शोभलं असतं.

साताऱ्याशी टिळकांचं नातं जुनं. ज्यांच्याबरोबर त्यांनी ‘केसरी’ उभा केला ते गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना डोळ्यांपुढं येते, पण महाराष्ट्रातल्या सगळ्यात निर्भीड सुधारकाचं हे गाव. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात 1882 मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. पुढं वाटा फुटल्या, कडवटपणा आला, आणि आगरकर 1895 मध्ये चाळिशीही न गाठता गेले. साताऱ्याचे वकील दादासाहेब करंदीकर टिळकांचे भरवशाचे सहकारी होते. म्हणजे जिल्ह्याच्या शिकलेल्या थरात टिळक चांगलेच रुजलेले होते. पण याच जिल्ह्यात सत्यशोधकांचे जलसेही गावोगाव होत होते आणि त्या मांडवात टिळकांबद्दल वेगळं बोललं जायचं. 1920 सालच्या सातारा जिल्ह्याचं चित्र या दोन्ही बाजू धरूनच पाहायला हवं.

त्याच रविवारी त्याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मांगवाड्यावर भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या घरी मुलगा झाला. नाव तुकाराम. जगानं पुढं त्याला अण्णाभाऊ म्हणून ओळखलं. या जन्माची एक आठवण सांगितली जाते. वाटेगावचाच फकिरा इंग्रजांचा खजिना लुटून आला होता, घरात बाळंतीण आहे हे कळल्यावर त्यानं ओंजळ भरभरून सुरती रुपये त्या घरात दिले, अशी. फकिरा साठ्यांचा नातलग. ज्याच्या पैशावर पहिला बाळंतविडा झाला त्याच माणसावर या मुलानं पुढं कादंबरी लिहिली. ‘फकिरा’ 1959 मध्ये आली, ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, आणि 1961 मध्ये तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं.

‘फकिरा’ वाचताना ज्या गोष्टीवर माझी नजर दर वेळी अडते ती म्हणजे हजेरी. काही जातींवर इंग्रज सरकारनं जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता. गावाबाहेर जायचं तर सांगून जायचं, ठरल्या वेळी हजर व्हायचं, न झालात तर तोच गुन्हा. हा कायदा 1871 चा. देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, तोवर स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं होऊन गेली होती. चौपाटीवर ज्या दिवशी स्वराज्याचा जयघोष चालला होता त्या दिवशी वाटेगावच्या मांगवाड्याला स्वराज्य या शब्दाचा पहिला अर्थ विचारला असता तर तो हजेरीतून सुटका असाच निघाला असता. टिळकांच्या थोरवीला यानं उणेपणा येत नाही. पण एका टेबलावर दोन तसबिरी ठेवताना मधलं हे अंतर मुलांना सांगायला हवं, कारण अण्णाभाऊंचं सगळं लेखन त्या अंतरातून आलेलं आहे.

आता दोघांना जोडणारा धागा. 22 जुलै 1908 ला टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. गोळीबार झाला, माणसं मेली. हा संप लेनिननं टिपला, त्यावर लिहिलं, हिंदुस्थानचा कामगार राजकीय लढ्यात उतरल्याची ती खूण आहे असं त्याला वाटलं. हे कामगार होते कोण? कोकणातले आणि घाटावरचे. साताऱ्याच्या दुष्काळी गावांतून, वारणेच्या खोऱ्यातून, पिकानं दगा दिला की मुंबईची वाट धरणारे. टिळकांसाठी रस्त्यावर उतरलेल्या त्या गर्दीत आपल्या भागातले लोक होते.

त्याच वाटेनं साठ्यांचं कुटुंब 1931 च्या सुमारास गेलं, आणि गेलं ते पायी. वाटेगाव ते मुंबई. वाटेत मिळेल ते काम, मिळेल तिथं मुक्काम. तुकाराम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. शाळा त्यानं जेमतेम दीड दिवस पाहिली होती, तिथल्या वागणुकीनं ती सुटली ती कायमची. अक्षरओळख मुंबईत झाली, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. हमाली केली, गिरणीत काम केलं, लाल बावट्याखाली आला. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं. गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन करण्याचं धाडस त्यांचंच. पोवाडा, छक्कड, वग ही गावाकडची शिदोरी होती, त्यांनी ती कामगार वस्तीत नेली. स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारा हा माणूस 1961 मध्ये स्वतः रशियाला जाऊन आला आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. ज्या देशाच्या लेनिननं मुंबईच्या कामगाराकडे कौतुकानं पाहिलं होतं, त्या देशात मुंबईच्या कामगारांचा शाहीर पाहुणा म्हणून गेला. टिळक आणि अण्णाभाऊ यांना जोडायचंच असेल तर मी गिरणीच्या भोंग्यानं जोडीन. एकासाठी ज्यांनी संप केला, त्यांच्याच चाळी-झोपड्यांत दुसरा वाढला. 2022 मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्य ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला, तेव्हा अनेकांना मॉस्को का, असा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर या धाग्यात आहे.

टिळक आणि अण्णाभाऊ ही या तारखेची दोन दप्तरं. तिसरं अगदी अक्षरशः दप्तर आहे. अण्णाभाऊंचा जन्मजिल्हा कोणता? काही पुस्तकांत सातारा लिहिलेलं सापडतं, काहींत सांगली. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं यावरून हमरीतुमरीवर येतात. दोन्ही बरोबर आहे, आणि त्याचं कारणही 1 ऑगस्टच आहे.

आपल्याकडे महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं आणि 31 जुलैला संपतं. खरीप झाला, रब्बी झाली, शेतसाऱ्याची वसुली झाली, जमाबंदी मिटली, नव्या पेरण्याही उरकल्या, की जुनं खातं बंद करून नवं उघडायचं. तलाठ्याचं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) सगळं गणित याच वर्षावर चालतं. आपण ज्याला सातबारा म्हणतो ते गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकात जमीन कुणाची, दुसऱ्यात त्यावर पीक कोणतं. राज्याचा महसूल दिन 1 ऑगस्टला असतो तो याच कारणानं. एखादं गाव एका जिल्ह्यातून दुसऱ्यात टाकायचं तर दप्तर हलवायला याहून सोयीचा दिवस नाही, वर्षाचा हिशेब दोन कचेऱ्यांत तुटत नाही.

1 ऑगस्ट 1949 ला तेच झालं. सातारा जिल्ह्याचे दोन भाग पडले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हे चार तालुके साताऱ्यातून निघाले, त्यांना सांगली, मिरज, जत, औंध वगैरे संस्थानांचे तुकडे जोडले गेले आणि दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला. ही संस्थानं आदल्याच वर्षी, 8 मार्च 1948 ला, विलीन झालेली होती. तोवर या मुलखाचा नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी वाटेगावहून सांगलीला निघालेला माणूस खालसातून, म्हणजे थेट इंग्रजी अमलातून, सांगलीच्या पटवर्धनांच्या राज्यात शिरायचा. कुंडल तासगावच्या शेजारी, पण औंध संस्थानचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला तोही 1910 मध्ये, कुंडलजवळच्या माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत.

या ठिगळांचा उपयोग पुढं मोठा झाला. इंग्रजांना समांतर असं साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, म्हणून जे देशभर गाजलं त्याची मुख्य ठाणी आजच्या सांगली जिल्ह्यात आहेत. येडेमच्छिंद्र वाळव्यातलं. तिथले क्रांतिसिंह नाना पाटील हे या प्रतिसरकारचे नेते, त्यांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 चा, म्हणजे याच आठवड्यातला. भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळायचा, संस्थानात हात घालणं इंग्रज पोलिसांना खालसातल्याइतकं सोपं नव्हतं. पत्री सरकार सांगलीचं की सातारचं, असा वाद घालणाऱ्यांनी एवढंच पाहावं की 1943 ते 1946 मध्ये सांगली नावाचा जिल्हा अस्तित्वातच नव्हता. दक्षिण सातारा हे नाव अकरा वर्षं टिकलं. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी अण्णाभाऊंनी गावी राहिलेल्या मैनेची छक्कड गायली ते राज्य 1 मे 1960 ला आलं, आणि 21 नोव्हेंबर 1960 ला दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. वाटेगाव जागचं हललं नाही. त्याचा पत्ता मात्र चाळीस वर्षांत तीनदा निराळा लिहावा लागला.

या तारखेच्या इतर नोंदी थोडक्यात सांगतो. जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते 1 ऑगस्ट 1914 ला. ती ठिणगी साताऱ्यापर्यंत आली. आपशिंगे गावचे 46 जवान त्या महायुद्धात कामी आले, गावाचं नावच पुढं आपशिंगे मिलिटरी पडलं. नाचण्याची स्वतःची ढब हिंदी सिनेमाला देणारे भगवानदादा 1 ऑगस्ट 1913 चे. तेही गिरणी कामगाराच्या घरातले.

अण्णाभाऊ 18 जुलै 1969 ला गेले, एकोणपन्नास वर्षं पुरी व्हायला दोन आठवडे कमी असताना. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, वग, पोवाडे मागं ठेवून, आणि हलाखीत. टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं ते 1 ऑगस्ट 2002 ला. पण या तारखेवरची सगळ्यात अलीकडची नोंद मला तिकिटापेक्षा मोलाची वाटते. 1 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल दिला, की अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना आहे. खटला पंजाबचा होता, आणि न्यायालयानं ही तारीख जयंती बघून निवडलेली नव्हती. पण अण्णाभाऊंच्या मातंग समाजाची हीच मागणी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालू होती. निकालाचं स्वागत झालं, विरोधही झाला, विशेषतः दलित जातींमधली एकी यानं फुटेल या भीतीनं. ती भीती खोटी म्हणून झटकून टाकता येणार नाही. तसंच आरक्षण असूनही ज्यांच्या घरात अजून पहिला पदवीधर व्हायचा आहे त्यांचं म्हणणंही बाजूला सारता येणार नाही. वाळव्या-शिराळ्यातल्या मातंग वस्त्यांत हा विषय आजही तापलेला आहे, आणि तिथल्या जयंतीच्या भाषणांतही तो निघतो.

पुढच्या आठवड्यात 9 ऑगस्ट : 1942 मध्ये मुंबईत नेत्यांना पहाटे अटक झाली, आणि महिन्याभरात तासगाव नि वडूजच्या मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले, त्याची हकीकत.