षटकांच्या हिशेबात निसटलेली नागपूर कसोटी

नागपूर : कसोटी सामना पाच दिवसांचा असला, तरी त्याचे खरे मोजमाप षटकांत होते. दिवसाला सहा तास आणि किमान ९० षटके, म्हणजे एका षटकाला चार मिनिटे, असा हा सरळ हिशेब आहे. तो चुकला, तर सामन्याचा निकालही बदलू शकतो. याचे ठळक उदाहरण नागपूरकरांनी नोव्हेंबर २००८ मध्ये पाहिले.

सदर परिसराला लागून असलेल्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानाने १९६९ ते २००६ या काळात नऊ कसोटी सामने पाहिले. त्यांपैकी १९९७ ची श्रीलंकेविरुद्धची कसोटी पावसामुळे अनिर्णित राहिली. त्यानंतर कसोटी क्रिकेट वर्धा मार्गावरील जामठा येथे गेले. तेथील पहिल्याच कसोटीत आकाश निरभ्र होते, तरीही वेळेचाच प्रश्न निर्णायक ठरला.

मालिकेत १-० अशा पिछाडीवर असलेल्या ऑस्ट्रेलियाला हा सामना जिंकणे भाग होते. चौथ्या दिवशी चहापानाला भारताची दुसऱ्या डावातील अवस्था ६ बाद १६६ झाली. मात्र ऑस्ट्रेलियाची षटके बरीच मागे पडली होती. कर्णधारावर एका कसोटीची बंदी येण्याची आणि न्यूझीलंडविरुद्धच्या ब्रिस्बेन कसोटीला मुकण्याची भीती होती. रिकी पाँटिंगने वेगवान गोलंदाजांना बाजूला ठेवून फिरकीपटूंच्या जोडीला मायकेल हसी व मायकेल क्लार्क या कामचलाऊ गोलंदाजांच्या हाती चेंडू दिला. महेंद्रसिंह धोनी (५५) व हरभजनसिंग (५२) यांनी सातव्या गड्यासाठी १०८ धावा जोडल्या. ऑस्ट्रेलियापुढे ३८२ धावांचे आव्हान उभे राहिले व भारताने १७२ धावांनी विजय मिळवला.

पावसाने किंवा अपुऱ्या प्रकाशाने वाया गेलेला वेळ आणि संथ गोलंदाजीने वाया गेलेला वेळ, या दोहोंत नियम फरक करतात. पहिल्या प्रकारात खेळ त्याच दिवशी लांबवून किंवा पुढील दिवशी लवकर सुरू करून भरपाई केली जाते. दुसऱ्या प्रकारात दिवसअखेर केवळ अर्धा तास अधिक मिळतो. त्यातही न टाकलेली षटके कायमची बुडतात. भारतात हिवाळ्यात सूर्य लवकर मावळत असल्याने या अर्ध्या तासाचाही भरवसा नसतो. षटकांची गती ठरवताना पंच गडी बाद होण्यासाठी प्रत्येकी दोन मिनिटे, पेयपानासाठी चार मिनिटे, तसेच दुखापती व फेरविचार यांचा वेळ वजा करतात. त्यानंतरही उणीव राहिली, तरच कारवाई होते.

निलंबनाची जी टांगती तलवार पाँटिंगवर होती, ती आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१९ मध्ये दूर केली. दोष एकट्या कर्णधाराचा नसून संपूर्ण संघाचा आहे, ही त्यामागची भूमिका होती. त्याऐवजी सर्व खेळाडूंच्या मानधनात कपात आणि जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत गुणकपात सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला भारताविरुद्ध दोन षटके कमी पडल्याने ऑस्ट्रेलियाचे चार गुण गेले आणि २०२१ चा अंतिम सामना हुकला. पुढे एका षटकामागे एक गुण असा दंड ठरला. त्यानुसार २०२३ च्या अॅशेस मालिकेत इंग्लंडने १९ गुण गमावले. दंडाची रक्कम मात्र त्याच वर्षी सौम्य करण्यात आली. आता प्रत्येक षटकामागे मानधनाच्या ५ टक्के आणि कमाल ५० टक्के कपात होते. प्रतिस्पर्धी संघाचा डाव ८० षटकांच्या आत संपवल्यास दंड आकारला जात नाही.

या साऱ्या शिक्षा सामना संपल्यानंतरच्या आहेत. पैसे देऊन मोकळ्या झालेल्या प्रेक्षकाला बुडालेली षटके त्यांमुळे परत मिळत नाहीत. म्हणूनच २०२५ पासून कसोटीतही दोन षटकांमधील अंतर ६० सेकंदांवर बांधणारे घड्याळ आले. दोन इशाऱ्यांनंतर पाच धावांचा दंड होतो आणि तो थेट धावफलकावर दिसतो. हीच व्यवस्था २००८ मध्ये असती, तर षटके इतकी मागे पडण्यापूर्वीच पाँटिंगला इशारा मिळाला असता.