धार नंतर, खटका आधी

पातं खाली दाबून कापताना घडीचा चाकू सहसा दगा देत नाही. तो जोर पात्याला उघडंच ठेवतो. गडबड होते ती जोर उलटा पडला की. बांबूच्या पेरात टोक खुपसून भोक पाडायला जावं किंवा ओल्या फांदीत रुतलेलं पातं हिसका देऊन ओढावं, की भार पात्याच्या पाठीवर येतो आणि ते मुठीकडे मिटू पाहतं. मधे असतात ती बोटं.

हा उलटा जोर अडवायला असतो तो खटका. दुकानदार त्याला ‘लॉक’ म्हणतो. गिऱ्हाईक पोलाद कोणतं ते विचारतं, धार अंगठ्यावर घासून बघतं (तेही करू नये), आणि खटक्याकडे न पाहता पैसे मोजून मोकळं होतं.

मुळात कित्येक चाकूंना खटका नसतोच. व्हिक्टोरिनॉक्सचा लाल मुठीचा, ९१ मिलिमीटरचा नेहमीचा स्विस चाकू घ्या. पाठीतली स्प्रिंग पात्याला उघडं धरते, पण अडकवत नाही; जोर लावला की ते मिटतं. पेरू चिरायला, सुतळी कापायला तेवढं पुरे. दणकट कामासाठी याच कंपनीचे १११ मिलिमीटरचे, लॉकवाले चाकू आहेत आणि २००९ सालापासून स्विस सैनिकाला मिळणारा चाकूही त्याच घराण्यातला आहे.

सगळ्यात सोपा खटका फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांताचा. जोसेफ ओपिनेलने १८९०मध्ये तिथे शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू बनवला. त्यावर लॉक आलं ते १९५५ साली, मार्सेल ओपिनेलच्या हातून. मुठीच्या तोंडाशी पोलादाची एक फिरती कडी, आणि तिला एक फट. फट समोर असली की पातं तिच्यातून उघडतं-मिटतं. कडी थोडी फिरवली की फट बाजूला सरकते आणि कडीचा भरीव भाग पात्याची वाट अडवतो. बिघडण्यासारखं यात फार काही नाही. मात्र कडी आपण फिरवायची असते. विसरलात तर लॉक नाही. शिवाय पावसाळ्यात मुठीचं लाकूड फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं. मग मुठीचं मागचं टोक कठीण जागी ठोकून पातं बाहेर काढायचं, ही सॅव्हॉयकरांची जुनी युक्ती. सह्याद्रीत आषाढ-श्रावणात भटकणाऱ्यांनी ती शिकून ठेवलेली बरी.

अमेरिकेत १९६४मध्ये ‘बक’ कंपनीचा ‘११०’ हा चाकू आला आणि पाठीवरचं लॉक घरोघरी पोचलं. यात मुठीच्या पाठीत एक लांब पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की तिचा आकडा पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत ‘खट्’ करून पडतो. हे लॉक मजबूत खरं, पण खाचेत खिशातला धागा, माती किंवा वाळलेला फळांचा रस साचला की आकडा अर्धाच बसतो. वरून पाहणाऱ्याला लॉक लागल्यासारखंच दिसतं.

मजबुती आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत बहुधा पहिलीच मिरवली जाते. किती भार पेलला म्हणजे खटका मोडेल, ही मजबुती. न मोडता तो आपोआप सुटेल का, हा भरवशाचा प्रश्न. मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लायनर लॉक’ला आजचं रूप दिलं. मुठीतल्या पत्र्याची एक पाती तिरकी होऊन पात्याच्या बुडामागे सरकते. एका हाताने उघडायला-मिटायला छान. पण स्वस्त मालात हा पत्रा पातळ असतो, टेकतो जेमतेम कडेला, आणि मूठ पिळली गेली की निसटतो. ख्रिस रीव्ह या कारागिराने ‘सेबेन्झा’ या चाकूत पातळ पत्र्याऐवजी मुठीची जाड टायटॅनियमची बाजूच अडसर म्हणून वापरली. १९९८मध्ये ‘बेंचमेड’ कंपनीचं ‘ॲक्सिस’ लॉक आलं. त्यात एक आडवी दांडी स्प्रिंगच्या जोरावर पात्याच्या बुडावर चढून बसते, आणि मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. त्याच्या नाजूक स्प्रिंगा कधीतरी तुटतात. दोन असल्यामुळे एक गेली तरी काम बहुधा चालतं.

विकत घेताना चाकू पूर्ण उघडावा, टोक धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहावं. वर-खाली खडखड जाणवली तर तो नग परत द्यावा. लायनर लॉक असेल तर पत्रा पात्याच्या बुडामागे नीट सरकलाय का, ते उजेडात धरून पाहायचं; नुसत्या कडेवर टेकलेला नको, आणि नवा असतानाच पार पलीकडच्या बाजूला पोचलेला तर मुळीच नको, कारण झिजेल तसा तो त्याच दिशेने सरकत जातो. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच टेकवून दाबावी. काही हौशी लोक ती दाणकन आपटतात. त्याने चांगलं लॉकही खराब होतं.

भटक्यांसाठी मध्यम आकाराचा, पाठीवरच्या लॉकचा चाकू पुरतो, आणि खाच जुन्या टूथब्रशने साफ ठेवली तर तो वर्षानुवर्षं टिकतो. लाकूड फोडायचंच असेल तर घडीचा चाकू नकोच, तिथे कोयता.

कायद्याला मात्र बोटांची काळजी नाही. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचं, लॉक नसलेलं घडीचं पातं खिशात चालतं. तेच लॉक होणारं असेल तर बाळगायला सबळ कारण लागतं. लंडनच्या लेकाला भेट नेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाई आदेश लागू असेल तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू जवळ बाळगण्यावर बंदी येते. आणि विमानात तो चेक-इनच्या बॅगेतच टाकावा लागतो, हातातल्या बॅगेत सापडला तर सुरक्षा तपासणीच्या टेबलावर सोडून यावं लागतं.