रायफलीच्या दुर्बिणीचा झिरो का हलतो?

शिकारी रायफलीवरची दुर्बीण बिघडली, तरी बहुतेक वेळा ते डोळ्यांना दिसत नाही. काच शाबूत असते, चित्र स्वच्छ असते, फुलीही जागच्या जागी असते; गोळी मात्र भलतीकडे लागते. ठरावीक अंतरावर फुली आणि गोळीचा मारा एका बिंदूवर जुळवणे म्हणजे झिरो करणे. धक्के, थंडी, पाऊस आणि प्रवास सोसून हा झिरो टिकला, तरच दुर्बीण भरवशाची.

दुर्बिणीचे मर्म तिच्या आतल्या नळीत आहे. बाहेरची नळी सहसा 25.4 किंवा 30 मिलिमीटर व्यासाची. तिच्या पोटातल्या बारीक नळीत उलटे चित्र सुलटे करणारी भिंगे असतात. वरच्या आणि बाजूच्या टरेटचे, म्हणजे फिरवायच्या बटणांचे, स्क्रू या नळीला दाबतात, तर समोरून स्प्रिंग तिला रेटून धरते. टरेटची एक क्लिक बहुधा पाव मिनिट कोनाची असते. तेवढ्यासाठी नळी केसाच्या जाडीहूनही कमी सरकते, पण 100 मीटरवर मारा सुमारे 7 मिलिमीटर बदलतो.

स्प्रिंग कमजोर झाली किंवा नळी घर्षणाने अडकली, की क्लिक फिरवूनही मारा हलत नाही आणि पुढच्या दोन-चार गोळ्यांच्या धक्क्याने अचानक सरकतो. नेमबाज टरेटवर हलकेच टकटक करतात किंवा काही क्लिक पुढे जाऊन मागे येतात, ते यासाठीच. स्प्रिंग-पिस्टनची एअर रायफल आणखी कठोर परीक्षा घेते. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेली दुर्बीण तिच्यावर लवकर खिळखिळी होते.

दुसरा बिघाड ओलाव्याचा. बाहेरच्या नळीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ती रबरी कड्यांनी बंद केलेली असते. कडे निकामी झाले, तर दमट हवा आत शिरते आणि थंडीत भिंगांवर आतून धुके धरते. कापडाने पुसले जाणारे धुके बाहेरचे. पुसूनही न जाणारे आतले. आतले धुके धरलेली दुर्बीण कारखान्यातच पाठवावी लागते.

दोष दुर्बिणीवर टाकण्याआधी मात्र माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारे बेस आणि कडी, तपासावे. बेसचा स्क्रू ढिला असणे, कड्यांत नळी सरकणे, दस्त्याचे स्क्रू सैल होणे, ही झिरो हलण्याची नेहमीची कारणे. कड्याच्या काठाशी नळीवर रंगाची बारीक रेघ ओढली, तर सरकणे लगेच कळते. उलट, कडी वाजवीपेक्षा जास्त आवळली, तर नळी चेपते आणि आतली नळी अडकते. म्हणून स्क्रू टॉर्क रेंचने आवळतात. डोळा हलवल्यावर फुली लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर तो पॅरॅलॅक्स. त्याला बिघाड म्हणता येत नाही.

खरी परीक्षा कागदावर होते. 100 मीटरवर नेम एकाच बिंदूवर धरून तीन गोळ्यांचा ग्रुप मारतात. मग 20 क्लिक उजवीकडे, 20 वर, 20 डावीकडे आणि 20 खाली अशी टरेट फिरवून दर टप्प्याला ग्रुप मारतात. सुमारे साडेचौदा सेंटिमीटर बाजूचा चौकोन उमटून शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडला, तर टरेट सांगितल्याप्रमाणे चालते. तो चुकला, तर खात्रीची दुसरी दुर्बीण लावून पाहतात. तिच्यावर ग्रुप जुळला की दोष पहिलीतच ठरतो.

रायफल पडली, गाडीत आदळली किंवा लांबचा प्रवास झाला, तर शिकारीला निघण्याआधी दोन-तीन गोळ्या कागदावर मारून झिरो पडताळतात. न पडताळल्यास चुकलेली गोळी जनावराला मारत नाही, जखमी करते. आफ्रिकेत हत्ती-रानम्हशींसारख्या धोकादायक जनावरांच्या शिकारीच्या रायफलींवर म्हणूनच झटकन निघणारे माउंट बसवतात आणि दुर्बिणीखाली साधी लोखंडी साइट कायम ठेवतात.