हे सेंद्रिय कोणी तपासलं?

मुळशीतल्या लवळ्यातली भाताची खाचरं उतारावर आहेत, आणि तिथल्या सेंद्रिय शेतीची सगळ्यात अवघड गोष्ट या उतारातच आहे. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरतं. वरच्याने लावणीनंतर युरिया टाकला, की त्यातला काही भाग पाण्याबरोबर खाली येणारच. खालचा शेतकरी कितीही काटेकोर असला तरी त्याचा भात तेच पाणी पिऊन वाढतो. पुण्यातल्या दुकानात ‘सेंद्रिय इंद्रायणी’चं पाकीट हातात घेताना हे पाणी आपल्याला दिसत नाही.

भात पोटरीत असताना इथल्या एका शेतावर सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटाची तपासणी होती, तेव्हा मी त्यांच्यामागून बांधावरून चालले. तपासणारे तिघे गटातलेच शेतकरी. एकाच्या हातात छापील मराठी तक्ता. मला वाटलं होतं, आधी पीक बघतील. त्यांनी आधी पाणी बघितलं: कुठून येतं, कुठून जातं. या शेतकऱ्याने वरच्या बांधालगत चर खणून शेजारचं पाणी ओढ्याकडे वळवलं आहे. तरीही बांधाकडच्या पट्ट्यातला भात तो वेगळा कापतो, वेगळा झोडतो आणि बाकीच्या भातात मिसळत नाही. तक्त्यात त्या पट्ट्याची स्वतंत्र नोंद झाली.

मग गोठा, शेणखताचा खड्डा, जीवामृताचा ड्रम, बांधावरचा गिरिपुष्प. फवारणीचा पंप त्यांनी उघडून वास घेतला. हा पंप गावात हातोहात फिरतो, आणि शेजाऱ्याने त्यातून तणनाशक मारलं असेल तर पुढचा दशपर्णी अर्कही त्यात बिघडतो. ‘पंप कुणाला देत नाही,’ तो म्हणाला, आणि तिघांपैकी एकाने मान डोलावली, कारण मागून नकार मिळालेला तोच होता. घरात भरडण्यासाठी ठेवलेल्या पोत्यांची थप्पी होती. ती त्यांनी एकेक करून उलटी केली. युरियाच्या रिकाम्या गोणीत धान्य भरायची सवय अजून सुटलेली नाही, आणि तपासणी करणाऱ्यांना ती स्वतःच्या घरातून माहीत आहे.

शेवटी वही. पेरणीपासून लावणीपर्यंत एकही नोंद नव्हती.

‘तात्या, इथे काहीच लिहिलं नाही?’

‘चिखलात होतो रे सगळे. लिहिणार कोण?’

‘बियाणं कुठलं, मिठाच्या पाण्यात बुडवलं का, तेवढं तरी आत्ता लिही. वर आजची तारीख टाक.’

जुन्या तारखेने नोंद घालू दिली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

या पद्धतीचं नाव पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत. केंद्रीय कृषी मंत्रालयाची. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि एकमेकांची हमी घेतो. दुसरा मार्ग एनपीओपीचा, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. तो २००१पासून वाणिज्य मंत्रालयाखाली ‘अपेडा’ ही निर्यात संस्था चालवते. त्यात मान्यताप्राप्त बाहेरची संस्था निरीक्षक पाठवते, फी घेते आणि ‘इंडिया ऑरगॅनिक’ चिन्ह देते. परदेशात माल पाठवायचा तर हाच मार्ग. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१७ सालच्या नियमांनी दोन्ही मार्ग मान्य केले आणि दोन्हींसाठी ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणलं.

गटाच्या तपासणीवर शंका घेणारे म्हणतात, सगळी भावकीच, कोण कोणाला नापास करणार? शंका खरी आहे, काही गटांत कागदच रंगवले जात असतील. पण वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाला कृषी सेवा केंद्रातून कोणी कधी गोणी उचलली हे कळणार नाही, शेजाऱ्याला कळतं. लहान तुकड्यांच्या मुळशीत मला गटाची पद्धत जास्त रुजेलशी वाटते, अट एवढीच की ग्राहकानेही कधीतरी बांधावर यावं. याच तालुक्यात माणजवळच्या बोडकेवाडीत ज्ञानेश्वर बोडके यांनी अभिनव फार्मर्स क्लब उभा केला आणि भाजी दलालाविना थेट पुण्यातल्या घरांत पोचवली. ती भाजी ज्या विश्वासावर चालते त्याला आधी ओळख लागते.

आता पाकीट. त्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक अनेकजण सेंद्रियचा पुरावा समजतात. तो फक्त अन्न व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी आहे, चिप्सच्या पुडीवरही असतो. लहान शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकला तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण मग ‘जैविक भारत’ चिन्हही लावता येत नाही. ‘केमिकल-फ्री’, ‘फार्म फ्रेश’ या शब्दांमागे बहुतेक वेळा तपासणी नसते. ‘रेसिड्यू-फ्री’ म्हणजे औषध मारलं असेल, काढणीच्या वेळी अंश मर्यादेखाली आहे, एवढंच. ‘पारंपरिक’ इंद्रायणी तर वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला सुधारित वाण आहे. भात उत्तम, पण शब्द चुकीचा.

उलट, प्रमाणित सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नाही. कडुनिंबाचा अर्क, गंधक, मर्यादेत बोर्डो मिश्रणही चालतं. हवा-पाण्यातून येणारा कीटकनाशकाचा अंशही नियमाने गृहीत धरला आहे, नेहमीच्या मर्यादेच्या ५ टक्क्यांपर्यंत. ‘सेंद्रिय’ हे शेती कशी केली याचं वचन आहे. भात जास्त पौष्टिक आहे, असं ते चिन्ह म्हणत नाही.

शब्दांचा हाच खेळ अंड्यांपाशी होतो तेव्हा मात्र मला राग येतो. ‘गावरान’, ‘केज-फ्री’, ‘आनंदी कोंबड्या’ असं लिहिलेले ट्रे दुकानात मांडलेले असतात. कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीचा, बलकाचा गडद रंग खाद्याचा, आणि खाद्य बदलून तो हवा तसा आणता येतो. खरी गावरान कोंबडी मध्येच खुडूक बसते, वर्षाला शंभर अंडीही देत नाही. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीकडून तीनशेच्या वर मिळतात. मग वर्षभर, रोज, हवी तितकी ‘गावरान’ अंडी शहराला कोण पुरवतं?

देशातली बहुतेक विक्रीची अंडी पिंजऱ्यातून येतात, आणि तिथे एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही. विधी आयोगाने २०१७मध्ये या कोंबड्यांवर २६९वा अहवाल दिला. युरोपीय संघात असे उघडेबोडके पिंजरे २०१२पासून बंद आहेत आणि तिथल्या अंड्याच्या कवचावर पहिला आकडाच सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळ्या चराईचं, २ बंदिस्त जमिनीवरचं, ३ पिंजऱ्यातलं. आपल्या अंड्यावर असं काही नसतं. प्रमाणित सेंद्रिय अंड्यांच्या मानकांत पिंजरा बसत नाही, म्हणून तिथे तरी आधार आहे. बाकी ‘केज-फ्री’ म्हणजे किती जागा, किती कोंबड्या, बाहेर सोडतात का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारा, आणि फोटो नको, शेड बघायला येऊ का, असं विचारा.

आता पुन्हा भाताकडे. लवळ्याच्या त्या शेतकऱ्याचं सेंद्रिय शेतीचं हे दुसरं वर्ष. हंगामी पिकांना सेंद्रिय ठरायला साधारण दोन वर्षं लागतात, आंब्यासारख्या झाडांना तीन. या काळात उतारा घटतो, खुरपणीची मजुरी वाढते आणि भाव साध्या भाताचाच मिळतो. कित्येकजण इथेच परत युरियाकडे वळतात. या मधल्या काळातल्या मालाला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असं वेगळं चिन्ह आहे, पण दुकानदार तो ठेवत नाहीत, कारण गिऱ्हाईक मागत नाही. यंदा दिवाळीनंतर नवा तांदूळ भराल तेव्हा ‘ग्रीन’चा मागा, आणि पूर्ण सेंद्रियच्या जवळपासचा भाव त्यालाही द्या.